मदत हवी आहे: शिबिरातला एक मुलगा रात्रभर जागा असतो

गटप्रमुख_नवा
जय ख्रिस्त. मुलांच्या निवासी उन्हाळी शिबिरात काउन्सेलर (एका खोलीतल्या मुलांचा गटप्रमुख) म्हणून स्वयंसेवा करतोय. माझ्या खोलीतला एक मुलगा झोपतच नाही. दिवे घालवले की भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. विचारलं तर "घरी जायचंय" एवढंच. दिवसा अगदी ठीक असतो, खेळतो, गाणी म्हणतो. गोष्ट सांगून झाली, प्रार्थना झाली, समजूत काढून झाली. घरी फोन लावून देऊ का? आज रात्रीच्या आत उत्तर हवंय. "धीर धरा" एवढंच कृपया सांगू नका.

मीठ_आणि_दिवा
वय किती? खोलीत मुलं किती, मोठी माणसं किती? शिबिराचा कितवा दिवस? हे कळल्याशिवाय सगळे अंदाजच बांधतील.

रानवाटा
वयाचा प्रश्नच नाही. मुलं दमलेली नसतात, म्हणून जागी राहतात. जेवणानंतर तासभर पळापळीचे खेळ घ्या. पडल्या पडल्या झोपतील.

शेकोटी_ताई
रानवाटा, याने उलटंच होतं. झोपायच्या तोंडावर पळवलेलं मूल तापतं, घाम येतो, डोकं जागं होतं. पळापळ जेवणाआधी संपवा. नंतर शेकोटी: आधी उड्या मारायची गाणी, शेवटी बसून म्हणायची. मग दात घासणं, शौचालय आणि खोलीत मनन, तेही दहा मिनिटांच्या आत. शेकोटीवर भुताच्या गोष्टी पूर्ण बंद. ऐकताना मुलं हसतात आणि दिवे गेल्यावर घाबरतात. रात्री शौचालयाला एकटं जायला नको म्हणून पोटात दाबून ठेवतात.

तंतुवाद्य
शेकोटीच्या गाण्यांवरून सांगतो. गिटार आगीजवळ ठेवू नका, उष्णतेने सांध्याचा गोंद सुटतो. आणि मुलांसाठी स्वर वरचा लावा. मोठ्यांच्या खर्जात त्यांचा आवाज पोचत नाही, मग ती ओरडतात.

गटप्रमुख_नवा
गिटारचं नंतर बघू. वय ९. खोलीत सात मुलं आणि मी. आज चौथा दिवस. फोनचं कोणी सांगेल का?

मीठ_आणि_दिवा
"आणि मी" म्हणजे रात्री तुम्ही एकटेच? हे आजच बदलून घ्या. ९ ते १४ वयाला आठ मुलांमागे एक मोठा माणूस ही संख्या अमेरिकन कॅम्प असोसिएशनच्या मानकात बसते, पण प्रश्न संख्येचा नाही. एक मोठा आणि मुलं बंद खोलीत, हीच रचना चुकीची आहे. दोन मोठी माणसं हवीत, त्यांतलं एक दाराजवळ झोपणारं. मुलाशी एकट्याने बोलायचं तर इतरांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी. यात मुलाचं रक्षण आहे आणि तुमचंही.

फोन तुम्ही परस्पर लावू नका, तो निर्णय शिबिरप्रमुखांचा.

जुना_पाळक
मी म्हणतो फोन द्यावा. आईचा आवाज ऐकला की मूल शांत होतं.

शेकोटी_ताई
पाळकबुवा, आदर राखून सांगते, रात्री तर नाहीच. आवाज ऐकला की दाबलेलं रडू फुटतं, तिकडे आईही रडते आणि "उद्या न्यायला येते" म्हणून जाते. मग मूल शिबिरात राहतच नाही, गाडीची वाट बघत बसतं. त्याऐवजी घरी पत्र लिहायला बसवा, तेही दिवसा. "किती दिवस राहिले" हे खोटं न बोलता मोजून सांगा. सकाळी नेमून दिलेलं काम द्या: घंटा वाजवणं, गाण्यांची पुस्तकं वाटणं. ज्याची वाट बघितली जाते ते मूल टिकतं. खाणं सुटलं किंवा दिवसाही रडू थांबेना, तर मात्र प्रमुखांनी घरच्यांशी बोलायलाच हवं.

जुना_पाळक
मग मूल जागं आहे ते परमेश्वर बोलावतोय म्हणून असेल. बायबलमधलं १ शमुवेल ३ वाचा. लहानगा शमुवेलही देवाची हाक ऐकून रात्रीच उठत होता. आज त्याला येशूला स्वीकारायचं आहे का ते विचारा.

मीठ_आणि_दिवा
त्याच अध्यायात शमुवेलला सांभाळणारा याजक एली काय करतो तेही बघा. रात्री "जा, नीज" म्हणून परत पाठवतो, विचारतो ते सकाळी. थकलेलं, घराची ओढ लागलेलं ९ वर्षांचं मूल समोरच्या मोठ्याला बरं वाटावं म्हणून कशालाही हो म्हणेल. तारणाचं, म्हणजे येशूला स्वीकारण्याचं, बोलणं दिवसा, त्याने स्वतः विचारलं तर, आणि घरच्यांना कळवून.

रात्रीसाठी मार्क ४ घ्या. वादळात नावेच्या मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलेला येशू मुलांना लगेच डोळ्यांसमोर दिसतो. एकच प्रश्न विचारा: नाव हलत असताना तो का झोपू शकला? मग स्तोत्र ४ मधलं आठवं वचन, शांतपणे झोपी जाण्याचं, सगळ्यांनी हळू आवाजात म्हणायचं आणि दिवा बंद. रात्री नवी गोष्ट, नवे प्रश्न काढू नका.

परिचारिका_ताई
मला वेगळीच शंका येतेय. दिवसा ठीक आणि फक्त रात्री घर आठवतं, म्हणजे झोपेशी जोडलेलं काहीतरी आहे. दोन गोष्टी सांगा. सकाळी तो अंथरूण उचलू देतो का? आणि संध्याकाळी पाणी पितो का?

गटप्रमुख_नवा
अंथरुणाला हात लावू देत नाही. सगळ्यांच्या आधी उठून स्लीपिंग बॅग स्वतःच घट्ट गुंडाळतो. जेवताना पेला भरून ठेवला तरी तसाच राहतो. याचा काय संबंध?

परिचारिका_ताई
झोप लागली तर अंथरूण ओलं होईल या भीतीने तो जागा राहत असावा. सातव्या वर्षी शंभरांतल्या पाच ते दहा मुलांना हे असतं, नवव्या वर्षीही काहींना राहतं. नालायकपणा नाही, आळसही नाही.

आधी आरोग्यपत्रक बघा. डेस्मोप्रेसिनची (रात्री लघवी कमी करणारी) गोळी लिहिलेली असेल तर ती शिबिराच्या परिचारिकेनेच द्यायची. गोळीच्या एक तास आधीपासून पुढचे आठ तास पाणी अगदी कमी, नाहीतर रक्तातलं सोडियम उतरतं. गोळी नसेल तर दिवसभर भरपूर पाणी, झोपण्याआधीच्या दीड-दोन तासांत फक्त घोट, चहा-कोला नाही. दिवे घालवताना सगळ्यांनाच शौचालयाला पाठवा, त्याला वेगळं काढू नका. बद्धकोष्ठतेनेही हे वाढतं, म्हणून शौचाला जातो का तेही विचारा.

स्लीपिंग बॅग गुंडाळलेली ठेवली तर ओल आत राहते, त्वचेला पुरळ उठतं. बाकीची मुलं न्याहारीला गेली की दोघा मोठ्यांनी बदलायची, ओली बंद पिशवीतून धुवायला.

रानवाटा
सोपा उपाय: सकाळी त्याच्या अंथरुणावर पाण्याची बाटली सांडा आणि "माझ्या हातून सांडली" म्हणा.

मीठ_आणि_दिवा
नको. आदल्या रात्री खरेपणावर मनन घेऊन सकाळी हे करायचं? शिवाय वास लपत नाही. अनेकांची अंथरुणं उन्हात टाका, त्यात त्याचंही जाईल.

शेकोटी_ताई
बोलताना "तू करतोस का" असं विचारू नका. "काही मुलांना रात्री कोरडं राहायला मदत लागते, माझ्याकडे जादा चादर आहे, कुणाला कळणार नाही" एवढं सांगा आणि उत्तराची वाट न बघता उठा.

जुना_पाळक
हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. माझं म्हणणं मागे घेतो.

मीठ_आणि_दिवा
एक राहिलं. "कुणाला कळणार नाही" हे फक्त चादरीपुरतं. अचानक सुरू झालेलं ओलं होणं कधी भीतीतून किंवा कुणी त्रास दिल्यानेही येतं. तसं काही त्याने सांगितलं तर गुपिताचं वचन देऊ नका, सुचवणारे प्रश्न विचारू नका, त्याचेच शब्द लिहून त्याच दिवशी शिबिरप्रमुखांना द्या.

गटप्रमुख_नवा
पत्रकात गोळी लिहिलेली आहे! पाकीट बॅगेच्या तळाशीच होतं, आता परिचारिकेकडे दिलंय. घरच्यांशी शिबिरप्रमुख बोलतायत. रात्री सोबतीला एक सहायक येतोय, १७ वर्षांचा. चालेल ना?

मीठ_आणि_दिवा
मदतीला चालेल, दुसरा मोठा म्हणून नाही. १८ पूर्ण झालेलं, चारित्र्य पडताळणी झालेलं माणूस मागा.