मेट्रो हाकेच्या अंतरावर असूनही दुचाकीच का निघते?

प्रश्न: मी पुण्यात आनंदनगर मेट्रो स्थानकापासून पायी सात मिनिटांवर राहतो आणि माझे कार्यालय कल्याणीनगर स्थानकाला लागूनच आहे. ६ मार्च २०२४ रोजी रुबी हॉल ते रामवाडी हा टप्पा सुरू झाला, तेव्हा ‘आता गाडी फक्त रविवारी निघेल’ असे मी घरात जाहीर केले होते. प्रत्यक्षात आठवड्यातून जेमतेम एक दिवस मी मेट्रोने जातो. मध्ये कुठे बदलावे न लागणारा मार्ग असूनही असे का व्हावे? आळस म्हणावे, तर संचेती चौकात रोज धूर खात उभे राहणे हे काही आळशी माणसाचे काम नव्हे.

उत्तर १: आपण फक्त घर ते कार्यालय एवढाच प्रवास मोजत आहात; वाटेत कुठे कुठे थांबता, तेही लिहून पाहा. मी सकाळी धाकट्याला पाळणाघरात सोडते, संध्याकाळी ते सातला बंद होण्याआधी भाजी आणि सासूबाईंची औषधे घेऊन तिथे पोहोचते, आणि तेव्हा स्कूटरच्या हुकाला भाजीची पिशवी, पायाशी दप्तर व डिकीत रेनकोट असतो. मी आणि माझे पती एकाच भागात नोकरीला आहोत, पण ते घरून निघतात ते थेट कार्यालयातच जातात. त्यामुळे आमच्या घरात मेट्रोचे कार्ड त्यांच्याकडे आणि स्कूटरची किल्ली माझ्याकडे असते. (यावर घरी चर्चा झाली आहे. निष्पन्न काही झाले नाही.)

उत्तर २: माझे वय चौऱ्याहत्तर. सदाशिव पेठेतून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात मी अनेक वर्षे सायकलने गेलो. पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई, त्यामागे काटकसर होतीच. पण शाळा, मंडई, डॉक्टर आणि नातेवाईक हे सारे पायी जाण्याजोग्या अंतरावर असल्यामुळे सायकलीच्या वाट्याला केवळ नोकरीच उरे, हेही तितकेच खरे. आता मुलगा बाणेरला राहतो आणि तिथे कोथिंबिरीसाठीसुद्धा गाडी काढावी लागते. स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाल्यापासून मी मात्र मंडई स्थानकातून थेट पिंपरीला लेकीकडे जातो, कारण मला कुठेही ठरावीक वेळेला पोहोचायचे नसते.

उत्तर ३: मी हिंजवडीला आठवड्यातून तीनच दिवस जातो, तेही कंपनीच्या बसने. गंमत अशी की, घरून काम करण्याच्या दिवशीच माझी दुचाकी जास्त फिरते. बँक, किराणा, मुलीचा पोहण्याचा तलाव अशा लहान लहान चकरा त्या दिवसांसाठीच राखून ठेवलेल्या असतात.

प्रश्नकर्ता: पहिल्या उत्तरातील सूचनेनुसार आठवडा लिहून काढला. मुलीचा गाण्याचा क्लास, गिरणीतले दळण आणि आईची फिजिओथेरपी मिळून बुधवार वगळता रोज किमान दोन थांबे निघाले. मेट्रोने मी बुधवारीच जातो.