मदत हवी आहे: बाळंतपणाआधीच अंगावर पाजायला शिकायचंय, कुठे जाऊ?

सड्यावरची
सातवा लागलाय. बाळाला अंगावर कसं घ्यायचं हे या वेळी आधीच नीट शिकून घ्यायचंय. दवाखान्यात विचारलं की "होऊ दे, मग सिस्टर दाखवतील". मागच्या वेळी कुणी दाखवलं नाही. आई म्हणते आपोआप जमतं, सासूबाई म्हणतात दूध उतरेपर्यंत मधाचं बोट लावायचं. मला प्रत्यक्ष दाखवणारं माणूस हवंय. लवकर सांगा, पाऊस लागला की इथून निघणं कठीण.

अबोली७
'इथे' म्हणजे कुठे गं? मंडणगड की सावंतवाडी? हे दुसरं ना? पहिल्या वेळी काय अडलं ते सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

दापोलीकर
रजेचा अर्ज आत्ताच देऊन ठेवा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते, त्यातले ८ आठवडे आधी घेता येतात. बायकोच्या ऑफिसात १२ च सांगत होते, भांडून घेतली.

सड्यावरची
दादा, मी नोकरी करत नाही.

राजापूरची माई
अळीव आणून ठेव. ओला नारळ, गूळ घालून लाडू, रोज एक. जोडीला शेपूची भाजी. माझ्या दोन्ही सुनांना दूध मावेना. आणि आत्तापासून अंघोळीच्या वेळी टॉवेलने जरा खरखरून घासत जा, म्हणजे चिरा पडत नाहीत.

देवगडचा चेडू
आमच्याकडे बाळंतिणीक मोरी देतत. माका आयेन दिलेली, दूध भरपूर येता.

अबोली७
मोरी नको! मोरी म्हणजे शार्कच, मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. गरोदरपणी आणि पाजत असताना टाळायला सांगतात. तारली, बांगडा खावा.

देवगडचा चेडू
आमच्या आज्येपासून खातत. कोणाक काय झाला नाय.

सड्यावरची
मासळीचं नंतर बघू, प्लीज. गुहागरच्या बाजूला राहते. पहिलं सिझर होतं. बाळ दुसऱ्या खोलीत ठेवलं आणि मला दाखवायच्या आधीच वाटीने पावडरचं दूध पाजलं. नंतर ते धरेना. धरलं तर चिरा पडून रक्त यायचं. महिन्याभरात सुटलंच. या वेळीही सिझर होईल म्हणतात.

उपकेंद्रातली सिस्टर
हे आधी लिहायला हवं होतंस बाय. आता ऐक.

टॉवेलने अजिबात घासू नकोस. माई, राग मानू नका, पण चिरा बहुतेक वेळा बाळाने नुसतं टोक धरल्याने पडतात, कातडी नाजूक असल्याने नव्हे. बाळाचं पोट आपल्या पोटाला टेकलेलं हवं, मान वळलेली नको. टोक त्याच्या नाकासमोर आणायचं, वाट बघायची. जांभई दिल्यासारखा मोठ्ठा आ केला की बाळाला आपल्याकडे आणायचं. आपण पुढे वाकायचं नाही, तिथेच पाठ धरते. बरोबर लागलं की हनुवटी छातीत रुतते, खालचा ओठ बाहेर वळतो आणि काळा भाग ओठाच्या वर जास्त दिसतो, खाली कमी. पहिले क्षण सोडून दुखत राहिलं तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडवायचं, पुन्हा लावायचं.

सिझर झालं तरी आई-बाळ ठीक असतील तर पहिल्या तासात लावता येतं. दूध उतरायला दोन-चार दिवस लागतात, सिझरनंतर कधी थोडे जास्त. तोवर चीक थेंब थेंबच असतो, पण बहुतेक बाळांना पुरतो. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा लावायचं.

राजापूरची माई
आमच्या वेळी मधावरच पोरं वाढली.

उपकेंद्रातली सिस्टर
वाढली, खरंय. पण वर्षाच्या आत मध नकोच. त्यातल्या जंतूंनी क्वचित बाळाचे स्नायू लुळे पडतात, श्वास अडकतो. मी तो धोका कुणालाच घेऊ देणार नाही.

सड्यावरची
पण सिस्टर, शिकू कुठे?

उपकेंद्रातली सिस्टर
आशाताईला गाठ. २०१६ पासून सरकारच्या 'मा' या अंगावर पाजण्याच्या कार्यक्रमात आशांना मातांच्या बैठका घ्यायला सांगितलंय. होत नसेल तर तूच म्हण, घे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत गरोदर तपासणी असते, त्या दिवशी नर्सला बाहुली किंवा गुंडाळलेला टॉवेल हातात देऊन "दाखवा" म्हण. बाळंतीण वॉर्डात एखादी पाजत असेल तर तिला विचारून शेजारी बस. तसं दुसरं शिक्षण नाही. व्हिडिओच हवे तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे मराठीत आहेत. आणि दवाखान्यात आत्ताच सांगून ठेव: बाळ माझ्याजवळ ठेवा, मला विचारल्याशिवाय वरचं दूध देऊ नका. नवऱ्यालाही पाठ करून ठेव, तेव्हा तू टेबलावर असशील.

सड्यावरची
नवरा जहाजावर असेल. सासूबाईंनाच ९ तारखेला सोबत नेते, त्यांनी नर्सच्या तोंडून ऐकलेलं बरं. टाक्यांवर बाळाचा भार येणार नाही असं कसं धरायचं?

खेडवाली
मलाही आठवा आहे. खेडला कुणी दाखवणारं आहे का?

उपकेंद्रातली सिस्टर
सड्यावरची, काखेत धर. बाळाचे पाय तुझ्या पाठीकडे, डोकं तुझ्या तळहातावर, खाली उशी. पोटाला धक्का लागत नाही. टॉवेलवर आजपासूनच दोन्ही बाजूंनी करून बघ. खेडवाली, तुझी आशा कोण ते आधी शोध, आणि हे पहिलं की दुसरं ते लिही.