मदत हवी आहे: दिवसभर एकट्या असणाऱ्या सासूबाईंसाठी दुपारचं मऊ, कमी मिठाचं, घरचं जेवण

नमस्कार मंडळी.

आम्ही भुसावळला राहतो. मी आणि नवरा, दोघंही जळगावला अपडाऊन करतो, मुलगी शाळा आणि क्लास उरकून संध्याकाळीच येते. म्हणजे साडेआठला आम्ही स्टेशनकडे निघालो की आई घरात एकट्या. सासूबाईंना मी आईच म्हणते. वय पंचाहत्तरीच्या पुढे, बीपीची गोळी चालू, खालीवर कवळी आणि उजवा खांदा आखडलेला, हात पुरता वर जात नाही. प्रश्न त्यांच्या दुपारच्या जेवणाचा आहे.

मी सकाळी पोळी, भाजी, वरण, भात असं सगळं करून ठेवते. संध्याकाळी येऊन बघावं तर डबा जवळजवळ तसाच आणि टोस्टचा पुडा अर्धा झालेला. सकाळी चहा-टोस्ट, अकराला चहा-खारी, दुपारी परत चहा आणि बिस्किटं. ज्या बाईने खापरावर मांडे केले, आखाजीला आलेल्या नणंदांना पाटावर बसवून रस वाढला, वर्षाचा काळा मसाला स्वतः भाजून कांडून घेतला, ती आता बेकरीच्या पुड्यावर दिवस काढते. माझा जीव तुटतो हे बघून.

नवऱ्याला वाटायचं की हा म्हातारपणीचा हट्ट आहे. एका रविवारी मी शांतपणे त्यांच्याजवळ बसून विचारलं, तेव्हा कारणं निघाली. कवळीने पोळी तुटत नाही. गार वरण घशाखाली उतरत नाही. गरम करायला जावं तर गॅसचं लायटर दाबायला अंगठ्यात जोर नाही, शिवाय आम्ही घरी नसताना गॅस पेटवायची त्यांना भीती वाटते. स्टीलच्या डब्याचं झाकण घट्ट बसलं की त्यांना ते उघडत नाही, आणि शेजारणीला हाक मारायचा संकोच वाटतो. टोस्टचा पुडा मात्र रबर काढलं की उघडा. थर्मासमधला चहा कपात ओतायचा, टोस्ट बुडवायचा, झालं. एवढं ऐकल्यावर मी टोस्टला दोष देणं सोडलं. तितकंच सोपं, तितकंच मऊ असं घरचं काही मला ठेवता यायला हवं.

घाई आहे ती बीपीमुळे. गेल्या तपासणीत वाढलेलं निघालं आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला बजावलं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सगळं मिळून चहाचा एक चमचासुद्धा नाही. तेव्हापासून मी पुडे वाचायला लागले. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, त्यामुळे पहिली तीन नावं वाचली तरी पुष्कळ कळतं: मैदा, साखर, पाम तेल. गोड बिस्किटातही सोडियम असतं, कारण ते फुगवायला घातलेला सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेटच. पुड्यावर तो ५०० या आकड्याने लिहिलेला असतो. आणि बेकरीतून सुटी आणलेली खारी आणि टोस्ट यांच्या पिशवीवर तर काहीच छापलेलं नसतं. आईंच्या पोटात सगळ्यात जास्त तेच जातं.

पण घरचं म्हणून बिनधास्त, असंही नाही हे आता लक्षात येतंय. आमच्या माळ्यावरच्या डब्यांत काय आहे? उडदाचे पापड, बिबडे, कुरडया, दोन बरण्या लोणचं. पापडात मीठ असतं आणि वर पापडखार, तोही सोडियमचाच क्षार. रात्री तुरीच्या डाळीची खिचडी, वर कच्चं तेल आणि दोन भाजलेले पापड, हे आमच्याकडचं रोजचं पान. आईंच्या ताटातून पापड काढला तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, पण घासही दोनच खाल्ले.

ब्राझीलच्या साओ पावलो विद्यापीठातल्या कार्लोस मोंतेइरो यांनी २००९ साली अन्नाची विभागणी किती आणि कशासाठी प्रक्रिया केली यावरून करायची कल्पना मांडली. त्यात शेवटचा गट अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाचा: जे स्वयंपाकघरात नसतात असे घटक घालून कारखान्यात बनलेलं. मला हे पटलं, कारण ज्वारी तीन दिवस भिजवून, वाटून, शिजवून, ओल्या कापडावर बिबडे घालून मे महिन्याच्या उन्हात वाळवणं हीसुद्धा प्रक्रियाच आहे, पण त्यात ज्वारी, तीळ, जिरं, लसूण, तिखट, मीठ यापलीकडे काही नसतं. डाळमिलची डाळ, गिरणीचं पीठ, डेअरीचं दही यांच्याशी माझं काही भांडण नाही. बचत गटाच्या बायकांकडचं काही चांगलं, कमी मिठाचं मिळत असेल तर तेही आनंदाने आणीन.

अमेरिकेत २०१९ साली २० माणसांवर झालेल्या प्रयोगाबद्दलही वाचलं. त्यांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं जेवण दिलं, समोर मांडलेल्या जेवणात साखर, मीठ, चरबी दोन्ही वेळा सारखीच. तरी पहिल्या प्रकारात माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. आमच्या घरी वेगळंच होतंय. चहा-खारीने आईंची भूक मरते, पोट भरल्यासारखं वाटतं आणि डाळ, भाजी, ताक पोटात जातच नाही. वजन उतरतंय. त्यामुळे त्यांना कमी खायला लावणारे सल्ले कृपया नकोत, उलट त्यांच्या पोटात डाळ जास्त जायला हवी आहे.

काही गोष्टी जमल्या त्या सांगते. ज्वारीच्या कण्या अगदी मऊ शिजवून, गार करून फ्रिजमध्ये आणि शेजारी ताकाचा तांब्या. गरम करायची गरजच नाही, चमचा घातला की झालं. उन्हाळ्यात हे त्या आवडीने खातात. कळण्याची भाकर ताजी असताना कुस्करून ताकात भिजवून ठेवली तरी चालते, उडदामुळे तिला चवही असते. भरीत गारसुद्धा छान लागतं आणि चावावं लागत नाही, पण भरताची खरी वांगी थंडीतली. सुटीच्या दिवशी फुनके केले, तुरीची डाळ भरड वाटून, पालक बारीक चिरून घालून उकडले. त्या दिवशी आईंनी मागून घेतले. दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून काढले तर कडक झालेले, कवळीखाली नुसते फुटत होते.

अडचण दोन ठिकाणी आहे. शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये म्हणतात, आणि आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास जातो. वरण-भात ओट्यावर ठेवणं शक्यच नाही. फ्रिजमध्ये ठेवावं तर गार, आणि थंडीच्या दिवसांत त्या गार खात नाहीत. मेसचा डबा लावून पाहिला, त्यावर तर्री एवढी की मिठाचं बोलायची सोयच नाही. दुपारच्या वेळेला स्वयंपाकाला बाई मिळत नाहीये. आणि दुकानदाराने सुचवलेलं पोटॅशियमवालं मीठ डॉक्टरांनी नको सांगितलंय. किडनी आणि त्यांची बीपीची गोळी दोन्ही बघून मगच ठरवू म्हणाले. तेव्हा तो पर्याय कृपया सुचवू नका.

रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये कोणी खिचडी किंवा पातळ वरण-भात ठेवून पाहिलंय का? सकाळी सव्वाआठला उकळतं भरलं तर साडेबारापर्यंत नुसतं कोमट राहतं की चांगलं गरम? भात फुगून गोळा होऊ नये म्हणून पाणी किती घालता? आणि झाकण सोपं, एका हाताने फिरेल असं मिळतं का? दुसरं, सत्तरीपुढच्या माणसाला मायक्रोवेव्हचं एकच बटण शिकवून कोणाच्या घरी ते नीट चाललंय का? आईंना कळेल, पण भीती कशी घालवायची हे सुचत नाही.

भर: उत्तरांबद्दल मनापासून आभार. दोघीतिघींनी टोस्ट पूर्ण बंद करा असं लिहिलंय. ते मी करणार नाही. सकाळच्या चहाबरोबर एक टोस्ट त्यांच्या आवडीचा आहे आणि तो राहील. पुडा आता मात्र उंच फळीवर न ठेवता, कण्यांचं वाडगं त्याच्या आधी हाताला लागेल असं मांडलंय. डबेही बदलले, सैल झाकणाचे घेतले.

पापडाच्या जागी काय, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. खिचडीबरोबर काहीतरी खमंग लागतंच. जवसाची किंवा तिळाची चटणी मिठाशिवाय, नुसती लसूण आणि आमसुलावर कोणी करतं का? प्रमाण द्या. आणि फुनके दुसऱ्या दिवशी मऊ राहावेत म्हणून तुरीत मुगाची डाळ किती मिसळायची, की वाटतानाच दही घालायचं, हे कोणी करून पाहिलं असेल तर नक्की लिहा. या रविवारी परत उकडणार आहे.