स्ट्रोकर 383: पैसे क्रँकवर घालायचे की हेडवर?

वंगणवीर
माझ्याकडे शेवरलेचा 350 घनइंची इंजिनाचा जुना ब्लॉक (सिलिंडरांचं धड) आहे. क्रँकचं मागचं ऑइल सील दोन तुकड्यांचं, बोअर अजून मूळ 4 इंची. 30 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) रीबोअर करून 3.48 ऐवजी 3.75 इंच स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टनच्या धावेचा, क्रँक टाकायचा, की झालं 383 घनइंच. यालाच स्ट्रोकर म्हणतात. 450 एचपी हवेत. टर्बो नाही, नायट्रस नाही, पेट्रोल पंपावरचंच. पैसा मोजका.

माझं ठरत आलंय: फोर्ज्ड (घडीव) 4340 पोलादाचा क्रँक, एच-बीम रॉड, फोर्ज्ड पिस्टन, सगळं एका किटमध्ये. हेड (सिलिंडरवरची, हवा आत घेणारी झाकणं) सध्या आहेत तीच, 882 कास्टिंग नंबरची. ती पुढच्या वर्षी बदलू. खालचा भाग एकदाच बांधला जातो, वरचं कधीही उघडता येतं. यात काय चुकतंय ते सांगा. "आधी बजेट वाढवा" हे सोडून काहीही चालेल.

हेडमास्तर
पोट मोठं करताय आणि घसा तोच ठेवताय, एवढंच चुकतंय.

जुना ठोकताळा आहे: दर सिलिंडरची हवा सीएफएममध्ये (मिनिटाला घनफूट), गुणिले 0.257, गुणिले सिलिंडर. 450 एचपीला दर सिलिंडरमागे साधारण 219 सीएफएम लागतात. 882 हेड आहे तशी लावली तर 200 गाठतानाच धापा टाकतात. वर 76 सीसीचं चेंबर (जळणाची पोकळी), आणि ओतीव इतकं पातळ की भेग न गेलेली जोडी सापडली तर जपून ठेवा, शोभेला. या हेडवर तुमचं 383 खालून मस्त ओढेल, पण वरच्या आरपीएमला गुदमरेल. मग 4340 चा क्रँक आत बसून करणार काय?

450 एचपीला, टर्बो-नायट्रस नसताना, चांगला कास्ट (ओतीव) क्रँक पुरतो. वाचलेले पैसे हेडवर टाका. 195 सीसी रनरची (हवेच्या वाटेची) ॲल्युमिनियम हेड परवडत नसतील तर 1996 पासूनची शेवरलेची व्होर्टेक हेड, 906 किंवा 062, बघा: 64 सीसी चेंबर आणि हवा सव्वादोनशेच्या आसपास. दोन अटी मात्र आहेत. इनटेक मॅनिफोल्ड त्यांचं वेगळं लागतं, आणि व्हॉल्व्ह लिफ्ट 0.470 च्या वर नेलीत तर रिटेनर (व्हॉल्व्ह स्प्रिंगची टोपी) सीलवर आपटतो. गाइडचं डोकं कापून घ्यावं लागतं.

चारशेवाला
383 हा मुळात जुगाडच आहे, हे किटवाले विसरायला लावतात. 1970 ला 400 स्मॉल ब्लॉक आला, त्याचा कास्ट क्रँक काढायचा, मेन जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) 2.65 वरून 2.45 इंचांवर उतरवायचे आणि 350 मध्ये बसवायचा. लोकांनी वर्षानुवर्षं असेच पळवले. हेडमास्तरांना माझं अनुमोदन.

सरळमार्गी
दोघांचंही चुकतंय असं म्हणायचं धाडस करतो. स्ट्रोकर हवाच कशाला?

आकडे बघा. 383 ला 5500 आरपीएमवर 450 एचपी द्यायला 430 पौंड-फूट टॉर्क लागतो. त्याच ब्लॉकला नुसता 30 थाऊ रीबोअर केला, मूळ क्रँक ठेवला, तर 355 होतं. त्याने तेच 450 एचपी 6000 वर द्यायचे तर 394 पौंड-फूट लागतात. दर घनइंचामागे दोघांचं काम जवळपास सारखंच. आणि पिस्टनचा सरासरी वेग? 383 चा 5500 वर मिनिटाला 3437 फूट, 355 चा 6000 वर 3480. म्हणजे तिथेही फरक नाही. फक्त 500 आरपीएमसाठी तुम्ही क्रँक, पिस्टन आणि ब्लॉक घासण्याची मजुरी विकत घेताय. ते पैसे हेड, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि स्प्रिंगमध्ये घाला.

चारशेवाला
कागदावर बरोबर. पण सिग्नल सुटल्यावर 6000 वर कोण असतं? 2500 वर त्या 28 घनइंचांची किंमत कळते. 355 ला 450 एचपीचा कॅम टाकलात की आयडलिंगला गाडी थरथरणार. तोच कॅम 383 मध्ये निम्मा शहाणा वागतो.

सरळमार्गी
हे मान्य. रस्त्यावरच चालवायची असेल तर टॉर्कचा मुद्दा खरा आहे. पण मग "450 एचपी" हा आकडा कशाला हवा?

वंगणवीर
आकडा मित्राशी लागलेल्या पैजेमुळे, हसू नका. बाकी पिस्टनचं काय? व्होर्टेक घेतली तर सपाट माथ्याचेच घेऊ ना?

मोजमाप मामा
थांबा, इथेच लोक फसतात. स्ट्रोक वाढला की कॉम्प्रेशनही वाढतं. सपाट पिस्टन, व्हॉल्व्हच्या खाचांचे 5 सीसी, 40 थाऊची गॅस्केट, पिस्टन डेकच्या (ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागाच्या) 25 थाऊ खाली आणि 64 सीसी चेंबर धरलं, तर 355 येतं 9.8 च्या आत. तीच मांडणी 383 ला 10.4 ला जाते. लोखंडी हेड आणि पंपाचं पेट्रोल असेल तर मी साडेनऊच्या वर जात नाही, म्हणजे तुम्हाला खोलगट पिस्टन लागणार. त्यात 25 आणि 40 मिळून क्वेंच (पिस्टन आणि हेडमधली फट) 65 थाऊ, ते फार झालं. डेक कापून 40 च्या आसपास आणा, ठोका (नॉकिंग) कमी होतो. डेक कापलात की कॉम्प्रेशन अजून चढतं, म्हणून खोलगी आधी मोजा, पिस्टन मग मागवा.

दुसरं, ज्याचा वर फक्त ओझरता उल्लेख आहे: मजुरी. बोअरिंग, टॉर्क प्लेट लावून होनिंग, बॅलन्सिंग. किटच्या जाहिरातीत हे नसतं. क्रँक नुसता ठेवून हाताने फिरवा. रॉडचा बोल्ट पॅनच्या कडेला टेकतो ती जागा खडूने खुणावा, ग्राइंडरने घासा, पुन्हा फिरवा. निदान 60 थाऊ जागा सुटली पाहिजे. मी कागदाची जाड क्लिप सरळ करून, मोजून, तीच गेज म्हणून वापरतो. कॅमच्या बाजूलाही रॉड तपासा, आणि तो मात्र खरा कॅम टाकून, टायमिंग जुळवून. हे सगळं ब्लॉक धुण्याआधी. धुतल्यावर ग्राइंडर चालवणारा माणूस मी पाहिलाय, तो आरशात दिसतो.

तेलकट बाही
हे सगळं सोडा, भंगारातून एलएसचं (शेवरलेच्या नंतरच्या पिढीचं इंजिन) लोखंडी 6.0 लिटर उचला. आहे तसंच या 882 वाल्यापेक्षा जास्त श्वास घेतं.

वंगणवीर
ब्लॉक घरात आहे म्हणून तर हा खटाटोप. एलएसला माउंट, वायरिंग, पेट्रोलचा पंप सगळंच नवीन. ते दुसऱ्या धाग्यात.

हेडमास्तर
बजेटवाले अजून एका ठिकाणी काटकसर करतात: फ्लॅट टॅपेट कॅम (सपाट तळाच्या लिफ्टरवर घासत चालणारा). मीही केली. सुरुवातीची वीस मिनिटं 2000 च्या वर चालवायचं असतं. रेडिएटर गळतोय म्हणून मी पाच मिनिटांत बंद केलं. पहिलं तेल काढलं तर भांड्यात चमकी तरंगत होती, आणि एका लिफ्टरचा तळ बशीसारखा खोल झालेला. ते लोखंड सगळ्या बेअरिंगमधून फिरून आलं होतं. फ्लॅटच टाकणार असाल तर जस्त-फॉस्फरसचं तेल आणि आधी गळती बंद.

वंगणवीर
ठीक, माघार घेतो. कास्ट क्रँक, 5.7 इंची आय-बीम रॉड चांगल्या बोल्टसह, खोलगट हायपरयुटेक्टिक (जास्त सिलिकॉनचे ओतीव) पिस्टन, व्होर्टेक हेड. स्ट्रोकर मात्र सोडत नाही, सरळमार्गींनी माफ करावं. 350 चा जुना डॅम्पर (क्रँकच्या पुढच्या टोकाचं कंप शोषणारं चाक) आणि फ्लायव्हील चालेल ना?

मोजमाप मामा
क्रँक कोणत्या बॅलन्सचा आहे त्यावर. स्वस्तातले बरेचसे कास्ट क्रँक 400 सारखे बाहेरून बॅलन्स होणारे असतात. त्यांना डॅम्पर आणि फ्लायव्हील दोन्ही 400 चेच लागतात. तुमचा जुना जोड लावलात तर पैज राहील बाजूला, आधी बेअरिंग जातील. मागवण्यापूर्वी विकणाऱ्याकडून लेखी घ्या आणि क्रँक, रॉड, पिस्टन, रिंगा, डॅम्पर, फ्लायव्हील सगळं एकाच दिवशी बॅलन्सिंगला न्या.

सरळमार्गी
माफ केलं. पैजेत हरलात तर 355 ची आठवण काढा.