हात हलवायचे तर आधी हॉल दाखवा

तलावपाळी:
परवा या फोरमवर नेरूळकरांनी लिहिलेलं बहुतेकांनी वाचलं असेल. नसेल तर थोडक्यात सांगतो: येणाऱ्या व्हिडिओ गेमच्या कन्सोलांत बटणं नावापुरती उरणार, हात हलवून खेळायचं आणि तळव्यात थरथर अनुभवायची हेच पुढचं युग, आणि ज्याला पटत नाही "त्याचं वय झालं". शेवटचे तीन शब्द नसते तर मी गप्प बसलो असतो.

वय झालंच आहे. म्हणून तर हे युग येऊन गेलेलं मी आधीच पाहिलंय. २००६ मध्ये निन्टेन्डोचा वी आला, रिमोट हलवून खेळायचा कन्सोल. १० कोटींच्या वर खपला, नाकारत नाही. पण त्याच डिसेंबरात निन्टेन्डोला ३२ लाख मनगटपट्ट्या बदलून द्यायची वेळ आली, कारण रिमोट हातातून सुटून भिरकावले जात होते. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट, अंगाच्या हालचाली टिपणारा कॅमेरा. कंट्रोलरच नको, तुम्हीच कंट्रोलर! २०१३ मध्ये तो त्यांच्याच एक्सबॉक्स वन कन्सोलच्या खोक्यात गळ्यात मारला, ४९९ डॉलर. वर्षभरात अक्कल आली, किनेक्ट काढून ३९९. २०१७ मध्ये उत्पादनच बंद. आग्रह करकरून वाढलेली जिलबी ताटात तशीच राहिली.

आता मुख्य दुखणं. किनेक्टला टीव्हीपासून एका माणसाला ६ फूट आणि दोघांना ८ फूट अंतर लागायचं. माझा हॉल घोडबंदर रोडच्या वन बीएचकेतला. दिवाण, टीपॉय, चपलांचं कपाट, आईचं शिलाई मशीन. ६ फूट मागे सरकलो की मी स्वयंपाकघरात. बायको म्हणाली, आलाच आहेस तर कुकर बंद कर. ही माझी मोशन कंट्रोलची पहिली आणि शेवटची आठवण.

थरथरीबद्दल एवढंच. पहिले दोन दिवस मजा, मग चार्जिंगची वायर शोधा. मी सेटिंगमध्ये जाऊन शून्य करतो. तुमच्यातले किती जण करतात, खरं सांगा.

नेरूळकर:
एवढं मनाला लावून घ्याल असं वाटलं नव्हतं. वयाचं वाक्य मागे घेतो. अर्धं.

पण साहेब, तुम्ही २०१० शी भांडताय. हवेत हातवारे करणं वेगळं, जायरोने, म्हणजे वळण मोजणाऱ्या सेन्सरने, नेम धरणं वेगळं आणि हॅप्टिक्स, म्हणजे तळव्यातली थरथर, वेगळं. तुम्ही तिन्ही एका कुकरात शिजवलंत. वीच्या मूळ रिमोटमध्ये जायरो नव्हताच, हालचाल ओळखायला नुसता अ‍ॅक्सेलरोमीटर होता. त्याला झटका कळतो, खाली-वर कळतं, पण रिमोट नेमका किती वळला ते धड कळत नाही. म्हणूनच तर लोळून मनगट झटकलं तरी टेनिसचा फटका बसायचा. जायरो आला २००९ मध्ये, मोशनप्लस नावाचं ठिगळ वेगळं विकून. आज निन्टेन्डोचा स्विच, सोनीच्या पीएस५ चा कंट्रोलर डुअलसेन्स, व्हॉल्व्हचा हातात धरायचा स्टीम डेक, सगळ्यांत तो आतच आहे. स्प्लॅटून हा नेमबाजीचा खेळ खेळणारे २०१५ पासून तसंच खेळतात: मोठं वळण स्टिकने आणि शेवटचा बोटभर नेम मनगटाने. कोपरसुद्धा हलत नाही. कुकरपर्यंत जावं लागत नाही.

आणि पुढचं म्हणाल तर जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ चा जॉय-कॉन हा कंट्रोलर टेबलावर आडवा ठेवून माऊससारखा फिरवता येतो. व्हॉल्व्हने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेल्या स्टीम कंट्रोलरमध्येही जायरो आहे. एक्सबॉक्सच्या साध्या कंट्रोलरला २०२० च्या पिढीतही जायरो नाही, पण २०२३ मध्ये अमेरिकेतल्या खटल्यातून मायक्रोसॉफ्टची कागदपत्रं फुटली, त्यातल्या नव्या कंट्रोलरच्या आराखड्यात अ‍ॅक्सेलरोमीटर आहे आणि स्पीकरचंही काम करणारं हॅप्टिक्स आहे. म्हणजे जो हट्टाने लांब राहिला तोही येतोय.

तलावपाळी:
आराखडा! आमच्या बिल्डिंगच्या आराखड्यात स्विमिंग पूल होता. आज तिथे टँकर उभा राहतो.

आणि कंपन्यांच्या "पुढच्या"वर तर बोलूच नका. २००६ चा सोनीचा कंट्रोलर सिक्सअ‍ॅक्सिस आठवतो? हलवलेलं कळायचं, पण थरथर गायब. वर सोनीचे साहेब सांगत होते की थरथर ही मागच्या पिढीची गोष्ट. इकडे थरथरीच्या पेटंटवरून इमर्शन कंपनीशी कोर्टकज्जा चालू होता. २००७ मध्ये तो मिटला आणि त्याच वर्षी डुअलशॉक ३ मध्ये थरथर परत! मागची पिढी काही महिन्यांत पुढची झाली. कंपनी "युग" म्हणाली की मी आधी कोर्टाची तारीख विचारतो.

खेकडाभजी:
पूल सोडा हो. हॉल किती बाय किती? घोडबंदर म्हणताय तर ६ फूट जिना-लॉबी धरून सुपर बिल्टअपचे असतील, खऱ्या वापरायच्या कार्पेटमध्ये साडेतीन.

तलावपाळी:
१० बाय १४. कागदावर.

सानपाडा_सेक्टर८:
हसलो. यासाठी लोक खाडी ओलांडून इकडे येतात. आमच्या सिडकोच्या जुन्या घरात हॉल लहान आहे, पण जेवढा सांगितला तेवढा आहे. २०११ मध्ये चार भावंडांनी दोघादोघांनी आळीपाळीने किनेक्टवर उड्या मारल्यात. खालचे काका वर आले ते भांडायला नाही, खेळायला.

खेकडाभजी:
जेवढा सांगितला तेवढा! आणि पावसाळ्यात छत गळतं ते सांगितलेल्यात धरलंय की वेगळं? हलके घ्या.

सानपाडा_सेक्टर८:
गळतं. पण गळणारं छत माझं आहे. तुमच्यासारखं २५ टक्के लोडिंग भरून लिफ्टच्या लॉबीचे हप्ते फेडत नाही. बाकी घरखरेदीचा रेरा कायदा मे २०१७ पासून लागू आहे, आता कार्पेटवरच विकावं लागतं. त्याआधी घेतलं असेल तर रडा.

नेरूळकर:
मंडळी, जायरो...

दिवा_फास्ट:
जायरो नंतर. आधी माझं ऐका, मग कार्पेट मोजा.

वीचा तो टीव्हीवर ठेवायचा सेन्सर बार असतो ना, त्यात सेन्सर नसतोच. दोन टोकांना इन्फ्रारेडचे दिवे असतात, बस. कॅमेरा रिमोटच्या तोंडाशी असतो. तो दोन ठिपके बघून आपण कुठे रोखलंय ते ठरवतो. २०१० च्या दिवाळीत उंदराने बारची वायर कुरतडली. घरात पाहुणे, भाऊबीज, पोरं हिरमुसलेली. भावाने कुठेतरी वाचलं होतं. टीव्हीच्या पुढे पाट ठेवला, त्यावर वीतभर अंतराने दोन पणत्या लावल्या आणि टीव्हीवर हात हलायला लागला! आजी म्हणाली, देवापुढचं तेल संपवाल. संध्याकाळभर गोलंदाजी केली. पंखा मात्र लावता येत नव्हता.

तुमच्या हॅप्टिक्सच्या युगात असा जुगाड करून दाखवा. सगळं आत बंद, चिकटवलेलं. माझ्या पोराच्या कंट्रोलरचा ट्रिगर (कंपनीचं नाव घेत नाही, उगाच इथे दोन तट पडतील) चौदा महिन्यांत ढिला पडला. स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवला. आत मोटर आणि इवलेइवले दातेरी चाक. म्हणाला, साहेब, पूर्वी इथे एक स्प्रिंग असायची, चाळीस रुपयांत काम व्हायचं.

गप्पगार:
सहसा लिहीत नाही. बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा उजवा हात खांद्यापासून गेला होता. फिजिओचे व्यायाम करायला लावले की चिडायचे. काठीने काय कवायत करायची, मी काय शाळेत आहे का, असं म्हणायचे. ताईने तिचा जुना वी आणून लावला. बोलिंग. पहिल्या दिवशी चेंडू लेनवर गेलाच नाही. तिसऱ्या आठवड्यात आईला हरवलं आणि सगळ्या मजल्याला सांगून आले. खेळाने बरे झाले असं मी म्हणत नाही, फिजिओ चालूच होतं. पण ते स्वतःहून हात उचलायचे ते फक्त त्या अर्ध्या तासात. हॉल ९ बाय ११ होता, तलावपाळी दादा. टीपॉय गॅलरीत ठेवायचो.

तलावपाळी:
यावर मी काही बोलणार नाही. बाबांना नमस्कार सांगा.

डावखुरी:
मला मात्र बोलायचंय. माझे हात कापतात, लहानपणापासून. चहाचा कप दोन हातांनी धरते. एखादा खेळ तीस तास बटणांवर मस्त चालतो आणि मधेच कुणाच्या तरी डोक्यातून येतं: आता कंट्रोलर तिरका धरून गोळी चक्रव्यूहातून न्या. वगळायची सोय नाही. माझ्यासाठी खेळ तिथे संपला. आणि नेरूळकर, तुमचं "बटणं नावापुरती उरणार" वाचून टाळ्या नाही वाजवाव्याशा वाटल्या. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर काढला त्यात काय होतं? दोन भलीमोठी बटणं आणि मागे आणखी बटणं जोडायला भोकं.

नेरूळकर:
ताई, मी सक्ती करा असं कुठे म्हटलंय?

डावखुरी:
"नावापुरती" म्हणजे काय मग? उदबत्तीच्या पुड्यावर नाव असतं तसं?

नेरूळकर:
बरं, शब्द चुकला. बटणं राहतील, सोबत जायरो आणि थरथर असेल आणि ती दोन्ही बंद करता येतील. झालं समाधान? दर वेळी एक अपवाद काढायचा आणि सगळी गोष्टच मोडीत काढायची, ही इथली जुनी सवय आहे.

डावखुरी:
अपवाद! धन्यवाद. आज कळलं मी कोण ते.

खेकडाभजी:
नेरूळकर, माफी मागा आणि झोपा.

नेरूळकर:
मागतो. खरंच चुकलं, ताई.

झोपायच्या आधी हॅप्टिक्सचं सांगतो, कारण तलावपाळींनी दोन ओळींत निकाल लावलाय. जुन्या कंट्रोलरात मोटरच्या दांड्याला एका बाजूला वजन असायचं. ते फिरलं की सगळंच गदगदायचं. सुरू व्हायला वेळ, थांबायला वेळ, पिठाच्या गिरणीसारखं. डुअलसेन्समध्ये स्पीकरच्या कॉइलसारखी रचना आहे. ती पटकन हलते, पटकन थांबते, हळू-जोरात हलते. म्हणून अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम या खेळात वाळू वेगळी, बर्फ वेगळा, पत्र्यावरचा पाऊस वेगळा कळतो.

आणि तुमचाच हॉल तुमच्यावर उलटवतो. माझंही घर वन बीएचकेच. मुलगी दोन वर्षांची, ती आणि आई बेडरूममध्ये झोपतात, दाराला फट आहे. रात्री अकरानंतर आवाज शून्य. हेडफोन लावला तर ती रडलेली कळत नाही. अशा वेळी मागून गाडी येतेय, धनुष्याची दोरी ताणली गेलीय, हे मला फक्त तळव्यात कळतं. तुमचं युग बंगल्यांत गेलं असेल. हे युग आपल्यासारख्यांच्याच घरातलं आहे.

तलावपाळी:
हे आधी लिहिलं असतं तर हा धागाच निघाला नसता. युग-बिग कशाला आणता मधे?

दिवा_फास्ट:
फक्त कंट्रोलर टीपॉयवर ठेवू नका थरथर चालू असताना. आमच्याकडे सनमायका आहे. आख्खी चाळ उठेल.

सानपाडा_सेक्टर८:
खेकडाभजी, कालपासून उत्तर नाही. कार्पेटमध्ये बाल्कनी धरतात की नाही?

खेकडाभजी:
नाही. रेराच्या व्याख्येत बाल्कनी बाहेर, बाहेरच्या भिंती बाहेर, आतल्या भिंती मात्र आत. म्हणजे हॉल आणि बेडरूमच्या मधल्या विटांचे पैसे भरलेत, त्यांच्यातून हात हलवा.

सानपाडा_सेक्टर८:
मग आम्ही बाल्कनी हॉलमध्ये घेतली ती?

खेकडाभजी:
ती अनधिकृत. अभिनंदन.

सानपाडा_सेक्टर८:
सगळ्या सेक्टरने घेतलीय!

खेकडाभजी:
तेच म्हणतोय. "जेवढा सांगितला तेवढा" म्हणे.

तलावपाळी:
शनिवारी भाच्याकडे कोपरखैरण्याला गेलो होतो. आपणहून नाही, बारसं होतं. त्याच्याकडे जायरो चालू करून बसलो. पहिली वीस मिनिटं सगळ्या गोळ्या आभाळात. भाचा म्हणाला, मामा, कंट्रोलर मांडीवर टेकवा आणि स्टिक सोडू नका. मग दोन जण लांबून टिपले. बटणांवर मला ते जमलं नसतं. बरं आहे. "बरं" लिहिलंय, जास्त वाचू नये. सेन्सिटिव्हिटी कमी करावी लागली आणि मधेमधे नेम आपोआप सरकत होता. तेव्हा कंट्रोलर टेबलावर ठेवून स्थिर करायचा म्हणे. हा उपद्व्याप बटणाला नसतो.

थरथर रात्री चालू ठेवून पाहीन. चार्जर कुठे ठेवलाय ते सापडलं की.

नेरूळकर:
अर्धं वाक्य ठेवलं होतं, तेही मागे घेतो.

तलावपाळी:
राहू द्या, गुडघे तसंच म्हणतात.

डावखुरी:
आणि भाच्याचा हॉल?

तलावपाळी:
१२ बाय १६. बाल्कनी आत घेतलेली.