फिलिपिन्समध्ये मिशन : अभ्यास, भाषा आणि कंपॅनियन (सोबत नेमलेला मिशनरी) कसे सांभाळायचे?

पेठेतला_पाहुणा
धाकट्या भावाला (वय 19, लॅटर-डे सेंट्स चर्च) 24 महिने धर्मप्रचारासाठी (मिशनवर) फिलिपिन्सला जायचं बोलावणं आलंय, भाषा तागालोग. सकाळी 6:30 ला उठणं, रात्री 10:30 ला दिवे बंद, हे सगळं वाचून झालंय. प्रत्यक्षात अडतं कुठे ते सांगा. तो शाकाहारी आहे, तेही लक्षात घ्या.

ओला_बूट
आधी सामानाचं. तिथे वीज 220 व्होल्ट, म्हणजे आपला चार्जर चालतो. पण सॉकेट दोन चपट्या पिनांचं, तेव्हा साधा अडॅप्टर पुरे, कन्व्हर्टरचं ओझं नको. बुटांचे दोन जोड आलटूनपालटून घालायचे. पावसाळ्यात एकच जोड रोज घातला की तो कधी वाळतच नाही आणि बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. तुंबलेल्या पाण्यातून चालणं शक्यतो टाळायचं, कारण लेप्टोस्पायरोसिस. पायाला जखम असेल तर मुळीच नको. पिण्याचं पाणी रिफिलिंग स्टेशनच्या मोठ्या निळ्या कॅनमधलं.

घरी फोन आठवड्यातून एकदा, पी-डेला, म्हणजे स्वतःच्या कामांसाठीच्या मोकळ्या दिवशी (2019 पासून ही मुभा आहे). फिलिपिन्स आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. वेळ ठरवून ठेवा. "केव्हाही कर" म्हटलंत की कपडे, बाजार, फोन यातच दिवस संपतो, आणि पी-डे संध्याकाळी 6 लाच आटोपतो.

आपण_आणि_आम्ही
भाषेत मराठी माणसाला दोन फायदे आहेत, ते पहिल्या दिवसापासून वापरावेत.

पहिला: "मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली" यात क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं ना? तागालोगमध्ये 'कुमाइन अको नांग मांगा' म्हणजे मी (कुठलातरी) आंबा खाल्ला आणि 'किनाइन को आंग मांगा' म्हणजे तो आंबा मी खाल्ला. दुसऱ्या वाक्यात क्रियापदाचा रोख आंब्यावर आहे, म्हणून आंब्याला 'आंग' लागतो. इंग्रजीतून शिकवताना हे फार किचकट वाटतं. भावाने इंग्रजीतून उलथापालथ न करता थेट मराठीशी ताडून पाहावं.

दुसरा जास्त मोलाचा: 'तायो' म्हणजे आपण, 'कामी' म्हणजे आम्ही. इंग्रजी बोलणारे इथे हमखास चुकतात. समोरच्या कुटुंबाला प्रार्थनेला बोलावताना 'तायो'. पण देवाशी बोलताना 'कामी', कारण प्रार्थना करणाऱ्यांत देव नाही. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" हे तिथे 'आमा नामिन', आपल्यासारखंच 'आमच्या'. म्हणून पाठ केलेली प्रार्थना बडबडण्यापेक्षा पहिल्या आठवड्यापासून स्वतःची चार वाक्यं जुळवावीत, मोडकी असली तरी. भाषेचा आणि प्रार्थनेचा सराव एकदमच होतो.

वडीलधाऱ्यांशी वाक्यागणिक 'पो', हो म्हणायला 'ओपो'. हे गाळलं तर काका-आजोबांना अरेतुरे केल्यासारखं. जीपनीतून (तिथली वाटेत थांबत जाणारी प्रवासी गाडी) उतरायचं तर 'पारा पो'.

सहा_आठवडे
धर्मग्रंथांच्या अभ्यासाचा तास बुडतो तो झोपेमुळे. उकाडा, पंख्याची झुळूक आणि मांडीवर पुस्तक: गादीवर बसला की संपलं. खुर्ची, टेबल, वही. आज ज्यांना शिकवायचं आहे त्यांतल्या एकाचा एकच प्रश्न वहीत लिहायचा आणि त्याचं उत्तर शोधत वाचायचं. "इतकी पानं झाली पाहिजेत" असं वाचन महिनाभरात कोरडं पडतं.

उपास महिन्यातून एकदा, दोन जेवणांचा, पाण्याशिवाय. उन्हात पायपीट असते, म्हणून सुरू करण्याआधी भरपूर पाणी प्यायचं. ताप-जुलाब असतील तर करायचाच नाही. ओढूनताणून उपास केल्याने भक्ती वाढत नाही, चिडचिड वाढते.

कंपॅनियन: दोघांनी सतत एकमेकांच्या नजरेत, आवाजाच्या टप्प्यात राहायचं, त्यामुळे भांडी, आंघोळीची वेळ, तांदळाचे पैसे असल्या क्षुल्लक गोष्टीच तापतात. आठवड्याला एकदा दोघांनी बसून बोलायची पद्धत आहे. तिथे आठवडाभराच्या तक्रारींची यादी काढली की बिनसलंच. भांड्यांचं त्याच रात्री बोलून टाकावं, आठवड्याच्या बैठकीत आधी "माझ्याकडून काय हवंय?" विचारावं. ट्रान्सफर (जोडी किंवा गाव बदलणं) सहा आठवड्यांनी असते, पण "सहा आठवडे कसेबसे काढू" हा हिशेब फसतो. जोडी पुढेही तीच राहू शकते; पहिल्या ट्रेनरबरोबर (नव्याला शिकवणारा अनुभवी मिशनरी) तर साधारण 12 आठवडे धराच.

पेठेतला_पाहुणा
आभार! आणि जेवण?

ओला_बूट
अवघड आहे, अशक्य नाही. मुगाला तिथे 'मोंगो' म्हणतात, सगळीकडे मिळतात. पण तयार आमटीत बहुधा डुकराचं मांस किंवा सुकी मासळी असते. भाजीतही 'पातिस' (माशांचा अर्क) आणि 'बागोओंग' (कोळंबीची किंवा माशांची आंबवलेली चटणी) लपलेली असते. "मांस आहे का" विचारून उपयोग नाही, ही दोन नावं घेऊन विचारावं. खोलीवर मूग-भात शिजवता आला पाहिजे, तेव्हा निघण्यापूर्वी कुकरशिवाय करायला शिकवा. आणि कुणी जेवताना 'काइन तायो' म्हटलं तर दचकू नये, ते आपलं "या जेवायला". दर वेळी ताटावर बसायचं नसतं.