एमजी₂ओ₂ ला भागायचं, मग एनए₂ओ₂ ला का नाही? (नववी, रासायनिक सूत्रं)

ऐरोलीची_आई

नमस्कार. मुलगी नववीत आहे, राज्य मंडळ, सेमी इंग्रजी. संयुजांचा (कोणाची जोडायची क्षमता किती, त्याचा) तक्ता तोंडपाठ आहे, तिरकस गुणाकार (एकाची संयुजा दुसऱ्याच्या खाली लिहिणं) येतो, तरीही सूत्रांच्या प्रश्नात गुण जातात. तपासलेल्या पेपरातल्या चुका देते. फोनवर मराठी कीबोर्ड आहे म्हणून संज्ञा देवनागरीत टाइप केल्या आहेत, समजून घ्या.

मॅग्नेशिअम ऑक्साइड: एमजी₂ओ₂
मॅग्नेशिअम हायड्रॉक्साइड: एमजीओएच₂
अमोनिअम सल्फेट: एनएच₄एसओ₄
सोडिअम सल्फाइट: एनए₂एस
आणि एफई₂ओ₃ चं नाव लिहिलंय "डायआयर्न ट्रायऑक्साइड".

पहिल्या चुकीवर तिचाच प्रश्न आहे. एमजी₂ओ₂ ला दोनाने भागून एमजीओ करायचं, तर सोडिअम पेरॉक्साइड एनए₂ओ₂ असंच का ठेवतात? मला उत्तर देता आलं नाही.

कोपरी_शिकवणी

ताई, प्रश्न चांगला आहे. त्याच्या उत्तरात बाकीच्या चुकाही सुटतात.

तिरकस गुणाकार हा फक्त शॉर्टकट आहे. मूळ अट एवढीच की धन आयनांचा (आयन म्हणजे विद्युत प्रभार असलेला अणू किंवा अणूंचा गट) एकूण प्रभार आणि ऋण आयनांचा एकूण प्रभार सारखा व्हायला हवा. त्यासाठी मुलीला लसावि काढायला सांगा. ॲल्युमिनिअम ३+, सल्फेट २−, लसावि ६. सहा भरायला ॲल्युमिनिअम दोन आणि सल्फेट तीन, म्हणून एएल₂(एसओ₄)₃. मॅग्नेशिअम २+, ऑक्साइड २−, लसावि २, म्हणजे एकास एक, एमजीओ. एमजी₂ओ₂ येतच नाही, भागायची वेळच येत नाही.

आता एनए₂ओ₂. यात ऋण आयन ओ²⁻ नाही. दोन ऑक्सिजन एकमेकांना जोडलेले आहेत आणि त्या जोडीवर मिळून २− प्रभार आहे: ओ₂²⁻, पेरॉक्साइड. हा "ओ₂" म्हणजे सल्फेटसारखाच एक गट. सोडिअम १+, पेरॉक्साइड २−, लसावि २, म्हणून दोन सोडिअम आणि एक पेरॉक्साइड गट. ओ च्या खालचा २ गुणाकारातून आलेला नाही, तो गटाच्या पोटातला आहे. पोटातल्या अंकाला हात लावायचा नाही. भागून एनएओ केलं तर तसा पदार्थच नाही.

मर्क्युरस क्लोराइडचं तेच. मर्क्युरस आयन जोडीनेच असतो, एचजी₂²⁺. म्हणून एचजी₂सीएल₂, एचजीसीएल नाही. पोटॅशिअम ऑक्झलेट के₂सी₂ओ₄ असतं, तिन्ही अंक दोनाने भागले जात असले तरी भागायचं नाही, कारण सी₂ओ₄²⁻ हा एकच गट आहे.

कंसाचं कारणही इथेच आहे. एमजीओएच₂ मध्ये २ फक्त एच ला लागतो: एक ऑक्सिजन, दोन हायड्रोजन. आपल्याला दोन पूर्ण हायड्रॉक्साइड हवेत, म्हणून एमजी(ओएच)₂. ॲल्युमिनिअम सल्फेट कंसाशिवाय लिहिलं तर एसओ च्या खाली ४३ दिसतात! गट एकच असेल तर कंस नको: एनएओएच, सीएएसओ₄. अमोनिअम हा धन आयन असला तरी गटच आहे, प्रभार १+. सल्फेट २−, म्हणून दोन अमोनिअम: (एनएच₄)₂एसओ₄. लिहून झालं की अणू मोजायला लावा. इथे एन २, एच ८, एस १, ओ ४, एकूण १५.

घोडबंदर_अकरावी

काकू, नावांसाठी सोपी युक्ती: शेवटी "अस" आलं की संयुजा १, "इक" आलं की २. आणि सूत्रावरून नाव काढताना खालचे अंक उलटे फिरवायचे, संयुजा मिळते.

कोपरी_शिकवणी

दोन्ही युक्त्या तांब्यापुरत्या आणि काही सूत्रांपुरत्या चालतात, पुढे फसतात. "अस" म्हणजे त्या धातूची कमी संयुजा, "इक" म्हणजे जास्त. क्युप्रस १, क्युप्रिक २. पण फेरस २, फेरिक ३. स्टॅनस २, स्टॅनिक ४. धातूप्रमाणे पाठ करावं लागतं, ते चार-पाचच आहेत.

उलटं फिरवण्यातली चूक एफईओ वर दिसते. खाली अंक नाहीत, मग लोह १+ येईल, तसं नसतं. ऋण आयनापासून सुरुवात करा, कारण त्याचा प्रभार ठरलेला असतो. एफईओ: ऑक्साइड २−, म्हणून लोह २+, फेरस ऑक्साइड. एफई₂ओ₃: तीन ऑक्साइड मिळून ६−, सहा प्रभार दोन लोहांत वाटले, प्रत्येकी ३+, फेरिक ऑक्साइड. नव्या पद्धतीत आयर्न लिहून लगेच कंसात रोमन तीन, मग ऑक्साइड. तो रोमन अंक प्रभार सांगतो, अणूंची संख्या नाही. एफई₂ओ₃ मध्ये लोहाचे अणू दोन, तरी कंसात तीन.

"डाय", "ट्राय" ही मोजणी अधातू-अधातूंच्या संयुगांसाठी: कार्बन डायऑक्साइड, फॉस्फरस ट्रायक्लोराइड. आयनिक संयुगात प्रभारावरून प्रमाण आपोआप ठरतं, म्हणून सीएसीएल₂ ला नुसतं कॅल्शिअम क्लोराइड.

जरा पुढचं, पण मुलीने पेरॉक्साइड विचारलंय म्हणून सांगतो. बीएओ₂ आणि पीबीओ₂ दिसायला सारखे. बेरिअमची संयुजा फक्त २, म्हणून त्या ओ₂ वर एकूण २−च असणार: बेरिअम पेरॉक्साइड. शिसं २ आणि ४ दोन्ही दाखवतं, आणि पीबीओ₂ मध्ये दोन सुटे ऑक्साइड आहेत, शिसं ४+. इन्व्हर्टरच्या बॅटरीत धन पट्टीवर असतं ते हेच. सूत्राकडे नुसतं बघून भेद कळत नाही, धातू कोणता ते बघावं लागतं.

तुर्भे_लॅब

सोडिअम सल्फाइटच्या चुकीबद्दल कोणी लिहिलं नाही, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच.

सल्फाइड एस²⁻, सल्फाइट एसओ₃²⁻, सल्फेट एसओ₄²⁻. "आइड" म्हणजे बहुतेक वेळा सुटा अणू. हायड्रॉक्साइड, सायनाइड आणि वरचं पेरॉक्साइड हे नेहमीचे अपवाद. "आइट" आणि "एट" मध्ये ऑक्सिजन असतोच, आणि "आइट" मध्ये एक कमी. ऑक्सिजन बदलला तरी प्रभार तोच राहतो, मुलं इथे घसरतात. नायट्रेट एनओ₃⁻, नायट्राइट एनओ₂⁻, दोन्ही १−. क्लोरिनची शिडी खालून वर: हायपोक्लोराइट सीएलओ⁻, क्लोराइट सीएलओ₂⁻, क्लोरेट सीएलओ₃⁻, परक्लोरेट सीएलओ₄⁻. चारही १−. प्रभार बदलतो तो हायड्रोजन जोडल्यावर: कार्बोनेट सीओ₃²⁻, बायकार्बोनेट एचसीओ₃⁻. खायच्या सोड्यात एकच सोडिअम, एनएएचसीओ₃, आणि धुण्याच्या सोड्यात दोन, हे त्यामुळेच.

ठाणे-बेलापूर रस्त्यावर टँकरच्या मागे रसायनाचं नाव रंगवलेलं असतं. सोडिअम हायपोक्लोराइट, फेरिक क्लोराइड वाचलं की जागच्या जागी सूत्र करायला सांगा. फेरिक आणि फेरसचा फरक कागदापुरता नाही. पीसीबीवरचं (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पट्टीवरचं) तांबं फेरिक क्लोराइड खातं, आणि त्यात स्वतः फेरस होतं: २एफईसीएल₃ + सीयू → २एफईसीएल₂ + सीयूसीएल₂. फेरस क्लोराइडची बाटली उचलली तर तांबं तसंच राहणार. नायट्रेटऐवजी नायट्राइट घेणं तर धोक्याचं, ते पोटात गेलं तर रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहायच्या कामाचं राहत नाही.

मोरचूद, हिराकस, तुरटी यांत पाणी धरलेलं असतं, तेही सूत्राचाच भाग आहे. मोरचूद सीयूएसओ₄·५एच₂ओ. एक लिटर ०.१ मोलर (मोलर हे द्रावण किती तीव्र आहे त्याचं माप) द्रावणाला निळे स्फटिक २४.९७ ग्रॅम लागतात. पाणी विसरून १५.९६ ग्रॅम घेतले, तर द्रावण ०.०६४ मोलर होतं, म्हणजे ३६ टक्के पातळ. १५.९६ हा आकडा पाणी उडालेल्या पांढऱ्या भुकटीचा आहे.

संज्ञा लिहिताना पहिलं अक्षर मोठं, दुसरं छोटं, यात हयगय नको. मोठा सी आणि छोटा ओ म्हणजे कोबाल्ट, दोन्ही मोठी म्हणजे कार्बन मोनॉक्साइड.

कोपरी_शिकवणी

ताई, आज हे पाच करून घ्या: कॅल्शिअम फॉस्फेट, फेरिक सल्फेट, कॅल्शिअम बायकार्बोनेट, स्टॅनिक ऑक्साइड, आणि तुरटी (पोटॅशिअम, ॲल्युमिनिअम, सल्फेट आणि १२ पाणी).

ऐरोलीची_आई

सर, तिने लिहिलेलं जसंच्या तसं देते:
सीए₃(पीओ₄)₂
एफई₂(एसओ₄)₃
सीए(एचसीओ₃)₂
एसएन₂ओ₄
केएएल(एसओ₄)₂·१२एच₂ओ

चौथ्याला म्हणते, "ऑक्सिजन आहे म्हणून भागलं नाही."

कोपरी_शिकवणी

चार बरोबर. तुरटी जमली हे विशेष: १ आणि ३ मिळून ४+, दोन सल्फेटांचे ४−.

चौथ्यात पेरॉक्साइड नको तिथे आलं. नाव "ऑक्साइड" आहे, म्हणजे ऑक्सिजन सुटे, प्रत्येकी २−. कथिल ४+, लसावि ४, एक कथिल आणि दोन ऑक्साइड, एसएनओ₂. "भागायचं नाही" हा नियम ऑक्सिजनसाठी नाही, जोडलेल्या गटासाठी आहे.

तिसऱ्याचं सूत्र बरोबर आहे, पण तो पदार्थ कोरडा करून बाटलीत भरता येत नाही. तो पाण्यात विरघळलेलाच असतो आणि तापवला की कॅल्शिअम कार्बोनेट खाली बसतं. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या गिझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो, तो बहुतेक त्याचाच. त्या थराचं सूत्र तिला उद्या विचारा, आणि त्यात कंस का नाही तेही.